कर कसा बसवावा, हे शिकवले कोणी?

अर्थसंकल्प जाहीर झाला की सामान्य वाचकाच्या मनात एक प्रश्न हमखास येतो. कोणत्या वस्तूवर किती कर घ्यायचा, कोणाला सूट द्यायची आणि कोणाला नाही, हे ठरवणारी माणसे ते कशाच्या आधारे ठरवतात, आणि ती विद्या त्यांनी शिकायची कोठे? कर घेणे हे राज्यसंस्थेइतकेच जुने असले, आणि त्याविषयीचे नियम कौटिल्याच्या ग्रंथातही असले, तरी प्राध्यापकाने वर्गात उभे राहून शिकवण्याचा आणि विद्यार्थ्याने परीक्षेत उत्तर लिहिण्याचा विषय म्हणून त्याचे वय जेमतेम तीनशे वर्षांचे आहे. या तीनशे वर्षांत विषयाचा मूळ प्रश्नच अनेकदा बदलला, आणि तो बदलण्यास प्राध्यापकांच्या प्रतिभेइतकेच वर्गात बाकांवर कोण बसले होते हेही कारण होते.

१. खजिन्याचे प्राध्यापक

प्रशियाचा राजा पहिला फ्रेडरिक विल्यम याने १७२७ साली हाले आणि ओडर नदीकाठचे फ्रँकफुर्ट या दोन विद्यापीठांत एका नव्या विषयाची अध्यासने निर्माण केली. हाले येथे झिमोन पेटर गासर आणि फ्रँकफुर्ट येथे युस्टुस क्रिस्टोफ डिटमार यांची नेमणूक झाली. विषयाचे नाव होते कॅमेरल शास्त्र, म्हणजे राजाचा खजिना सांभाळणाऱ्या कचेरीचे शास्त्र. ते समजून घेण्यापूर्वी सरकारी उत्पन्नाचे दोन प्रकार वेगळे करावे लागतात. एक उत्पन्न राजाच्या स्वतःच्या मालमत्तेचे, म्हणजे त्याच्या जमिनी, जंगले, खाणी आणि गिरण्या यांचे. दुसरे प्रजेच्या उत्पन्नातून घेतलेला वाटा, म्हणजे कर. त्या काळच्या प्रशियात पहिल्या प्रकारचे उत्पन्न इतके मोठे होते, की राजाला कायदेपंडितांपेक्षा जमिनीचा खंड आकारता येणारा, धान्याच्या भावाचा अंदाज बांधणारा आणि भट्टीचे जमाखर्च तपासणारा अधिकारी अधिक हवा होता. म्हणून वर्गातही तेच शिकवले जाई. बाकांवर भावी अधिकारी होते आणि त्यांच्यापुढचा प्रश्न एकच होता: तिजोरी भरावी कशी, आणि भरताना प्रजा इतकी खंगू नये की पुढच्या वर्षी घ्यायलाच काही उरणार नाही.

ही परंपरा पुढे व्हिएन्नापर्यंत पोहोचली. तेथे १७६३ साली योझेफ फॉन झोनेनफेल्स याची या विषयाच्या अध्यासनावर नेमणूक झाली आणि राज्यव्यवस्था, व्यापार व वित्त अशा तीन भागांतले त्याचे पाठ्यपुस्तक ऑस्ट्रियात १८४८पर्यंत अधिकृतपणे चालू राहिले, म्हणजे एका पुस्तकाने ऐंशीच्या आसपास वर्षे सरकारी नोकर घडवले. परंपरेतला सर्वांत बहुप्रसव लेखक योहान हाइनरिख गोटलोब फॉन युस्टी मात्र दुर्दैवी ठरला. राज्याचा हिशेब कसा ठेवावा यावर ग्रंथामागून ग्रंथ लिहिणाऱ्या या गृहस्थावर प्रशियाच्या खाणींचा कारभार पाहत असताना सरकारी पैशाच्या अफरातफरीचा आरोप आला आणि १७७१ साली तो क्युस्ट्रीनच्या किल्ल्यात कैदेतच वारला. आरोप त्याने अखेरपर्यंत मान्य केला नाही.

२. भरतो कोण आणि सोसतो कोण

ग्लासगो विद्यापीठात अ‍ॅडम स्मिथ १७५२पासून नीतिशास्त्राचा प्राध्यापक होता. त्याचे विद्यार्थी कोणा राजाच्या कचेरीत रुजू होण्यासाठी आलेले नव्हते; त्यांत पुढे धर्मोपदेशक, वकील आणि व्यापारी होणारी मुले होती, आणि ती प्राध्यापकाची फी थेट त्याच्या हातात देत असत. न्यायशास्त्रावरील व्याख्यानांतच स्मिथ सरकारी महसुलाचा विषय घेई. ही व्याख्याने त्याने स्वतः छापली नाहीत. एका विद्यार्थ्याच्या टिपणांची वही १८९५ साली एडविन कॅनन या अर्थशास्त्रज्ञाच्या हाती आली आणि पुढच्या वर्षी त्याने ती प्रसिद्ध केली, तेव्हा जगाला ती कळली. कॅननचे नाव वाचकाने लक्षात ठेवावे.

श्रोते बदलले तसा प्रश्नही बदलला. तिजोरीत किती आले यापेक्षा ते कोणाच्या खिशातून आले, हे स्मिथला महत्त्वाचे वाटले, आणि येथे या शास्त्रातली पहिली अवघड कल्पना येते. सरकारात कराची रक्कम जो प्रत्यक्ष भरतो त्याच्यावर ‘कराघात’ होतो असे म्हणतात; ती रक्कम शेवटी ज्याच्या पदरची जाते त्याच्यावर ‘करभार’ पडतो असे म्हणतात; आणि ही दोन माणसे बहुधा वेगळी असतात. समजा, मिठाच्या व्यापाऱ्याने मणामागे एक रुपया कर भरला आणि मणाचा भाव एक रुपयाने वाढवला, तर कर भरला व्यापाऱ्याने आणि सोसला गिऱ्हाइकाने. गिऱ्हाइकाला मिठावाचून चालत नाही, म्हणून तो भाव मुकाट्याने देतो. तोच कर अत्तरावर बसला तर गिऱ्हाईक अत्तर घेणे सोडील, व्यापाऱ्याला भाव फारसा वाढवता येणार नाही, आणि भाराचा बराच हिस्सा त्याच्याच अंगावर पडेल. कायद्यात नाव कोणाचे लिहिले आहे यावरून कर कोण देतो हे कळत नाही, एवढी गोष्ट ज्याला पटली त्याने या शास्त्राचा निम्मा उंबरठा ओलांडला.

१७७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अर्थशास्त्रावरील ग्रंथाच्या पाचव्या भागात स्मिथने चांगल्या कराच्या चार कसोट्या दिल्या. कर प्रत्येकाच्या ऐपतीच्या प्रमाणात असावा. किती, केव्हा आणि कसा भरायचा हे निश्चित असावे. भरणाऱ्याच्या सोयीच्या वेळी तो घ्यावा. आणि वसुलीचा खर्च कमीत कमी असावा. यांतली दुसरी कसोटी स्मिथला इतकी मोलाची वाटे, की बरीच विषमता चालेल पण थोडीही अनिश्चितता नको, असे त्याचे मत होते; कारण रक्कम निश्चित नसली की वसूल करणारा शिपाईच राजा होतो. हा ग्रंथ लिहिणारा माणूस १७७८ साली स्कॉटलंडच्या जकात खात्याचा आयुक्त झाला आणि बंदी असलेल्या मालाची यादी वाचल्यावर आपले जवळजवळ सगळे गळपट्टे, मनगटाच्या झालरी व हातरुमाल त्याच यादीत बसतात हे पाहून त्याने ते जाळून टाकले, असे त्याने स्वतःच एका पत्रात कळवले आहे.

३. हेलीबरीचा वर्ग

आतापर्यंतचे शिक्षण ज्या देशात दिले गेले त्याच देशात वापरले गेले. १८०६ साली ईस्ट इंडिया कंपनीने इंग्लंडमध्ये हर्टफर्ड येथे, आणि लवकरच जवळच्या हेलीबरी येथे, जे कॉलेज चालवले तेथे हा नियम मोडला. कंपनीच्या संचालकांनी शिफारस केलेली सोळा-सतरा-अठरा वर्षांची मुले तेथे सुमारे दोन वर्षे काढत आणि मग मुंबई, मद्रास किंवा बंगाल इलाख्यात नोकरीवर रुजू होत. इतिहास व अर्थशास्त्राचा प्राध्यापक होता टॉमस रॉबर्ट माल्थस, लोकसंख्येवरील निबंधामुळे नावाजलेला. तो १८३४मध्ये मरण पावेपर्यंत याच जागेवर होता. स्मिथचा ग्रंथ पाठ्यपुस्तक म्हणून वाचायचा आणि त्यावर प्रश्न विचारायचे, ही त्याची पद्धत. एखाद्या मराठी शेतकऱ्याच्या शेतावर किती सारा बसवायचा हे ज्याला पुढे ठरवायचे होते, त्या मुलाने शेत म्हणजे काय हे प्रथम हर्टफर्डशायरमध्ये ऐकले.

माल्थसने १८१५ साली जमिनीच्या खंडाविषयी एक पुस्तिका लिहिली, आणि त्याच सुमारास डेव्हिड रिकार्डोनेही तोच सिद्धान्त अधिक रेखीवपणे मांडला. सिद्धान्त असा. सगळ्या जमिनी सारख्या नसतात. एका शेतात कसण्याचा खर्च जेमतेम भरून निघतो, तर दुसऱ्यात तेवढ्याच कष्टांत बरेच जास्त पिकते. एकूण उत्पन्नातून बियाणे, बैल, अवजारे, मजुरी आणि गुंतवलेल्या पैशाचा वाजवी नफा वजा केला की जे उरते ते निव्वळ उत्पन्न, आणि तेच खंडाचे मूळ. हे उरलेले कोणाच्याही श्रमाचे फळ नसून जमिनीच्या सुपीकपणाचे फळ आहे, म्हणून सरकारने त्यातला कितीही मोठा हिस्सा घेतला तरी धान्याचा भाव वाढत नाही आणि कोणी शेती सोडत नाही, असा निष्कर्ष त्यातून निघतो. तिजोरी भरावी आणि कोणाचे नुकसानही होऊ नये, असा कर कोणत्याही राज्यकर्त्याला मोह पाडील. पेशवाई नुकतीच बुडवून दख्खनचा मुलूख हाती आलेल्या मुंबई सरकारलाही तो पडला.

४. इंदापूरचे शेत

माल्थसच्या वर्गात शिकलेला रॉबर्ट कीथ प्रिंगल हा तरुण अधिकारी पुणे भागात आला आणि १८२४ ते १८२८ या काळात त्याने जमिनीची पाहणी करवली. प्रत्येक शेत मोजायचे, मातीची प्रत ठरवायची, त्या प्रतीच्या जमिनीत किती पिकते आणि कसायला किती खर्च येतो याचा हिशेब मांडायचा, आणि जे निव्वळ उत्पन्न निघेल त्याच्या ५५ टक्के सारा म्हणून आकारायचा, अशी ती योजना होती.

योजनेतला शहाणपणा आकड्यांत मांडला म्हणजे दिसतो. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी घेतलेले आहेत. काळ्या कसदार शेतात ४० रुपयांची ज्वारी पिकते आणि कसण्याचा खर्च २५ रुपये येतो, तर निव्वळ उत्पन्न १५ रुपये आणि सारा ८ रुपये ४ आणे. शेजारच्या बरड जमिनीत २४ रुपयांचे पीक येते आणि खर्च २० रुपये होतो, तर निव्वळ उत्पन्न ४ रुपये आणि सारा सुमारे २ रुपये ३ आणे. आता सरकारने एकूण पिकाचा तिसरा हिस्सा सरसकट मागितला असता, तर बरड जमिनीवर ८ रुपये बसले असते, म्हणजे त्या शेतात जेवढे उरते त्याच्या दुप्पट. हलकी जमीन कसणाऱ्याला सांभाळून घेणारी ही पद्धत कागदावर जुन्या पद्धतीपेक्षा निःसंशय न्याय्य होती, आणि प्रिंगल काही निर्दय अधिकारी नव्हता.

दोष होता तो निव्वळ उत्पन्न या शब्दाला शेतात बोट लावून दाखवता येत नाही यात. एकूण पीक खळ्यावर मोजता येते. खर्च मात्र कोणी लिहून ठेवलेला नसतो. घरच्या बैलांची किंमत काय धरायची, बायकामुलांच्या राबणुकीची मजुरी लावायची की नाही, तीन वर्षांतून एकदा पाऊस दगा देतो त्याची वजावट किती करायची? हे सगळे गोऱ्या अधिकाऱ्याने नव्हे, तर त्याच्या हाताखालच्या कारकुनांनी गावोगाव बसून भरले, आणि त्यांपैकी अनेकांनी लाच घेऊन भरले. चुकीचा परिणामही हलक्या जमिनीवरच सर्वांत जास्त होतो. वरच्या बरड शेताचा खर्च २० ऐवजी १५ रुपये लिहिला गेला, तर कागदावर निव्वळ उत्पन्न ९ रुपये होते आणि सारा जवळजवळ ५ रुपये. म्हणजे प्रत्यक्ष उरणाऱ्या ४ रुपयांहूनही जास्त. पाच रुपयांच्या एका चुकीने काळ्या शेताचा मालक थोडा कुरकुरला असता, बरडाचा मालक मात्र मोडून पडला.

त्यात धान्याचे भाव उतरले. सारा रोख रकमेत ठरलेला होता आणि पीक बाजारात विकून तो भरायचा होता. भाव चौथाईने खाली आला की काळ्या शेतातली ४० रुपयांची ज्वारी ३० रुपयांची होते. खर्च तेवढाच राहिला असे धरले तर निव्वळ उरतात ५ रुपये, आणि सारा मात्र ८ रुपये ४ आणेच. १८३०च्या सुमारास नवा सारा लागू झाला तेव्हा नेमके हेच घडले. इंदापूर तालुक्यात जमिनी पडीक पडू लागल्या, बाकी थकत गेली आणि कुळे गाव सोडून निजामाच्या मुलखात निघून गेली. खंडावर बसवलेल्या कराने कोणी शेती सोडत नाही, असे सिद्धान्त सांगत होता.

दुरुस्ती १८३५ साली इंदापुरातच सुरू झाली. गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि विंगेट हा लष्करातला इंजिनियर यांनी निव्वळ उत्पन्नाचा हिशेब सोडूनच दिला. मातीचा रंग, तिची खोली, तिच्यातले चुनखडीसारखे दोष यांवरून एका जमिनीची दुसरीशी तुलना करून तिची प्रत आण्यांत लावायची. तालुक्याने पूर्वी किती सारा सहज भरला आणि केव्हा थकवला हे जुन्या दप्तरांतून पाहून एकूण रक्कम ठरवायची. ती त्या प्रतींनुसार शेतांवर वाटायची. आणि एकदा ठरलेला दर तीस वर्षे बदलायचा नाही. दर कमी झाले, आणि पडीक जमीन पुन्हा लागवडीखाली येऊ लागली. १८४७च्या संयुक्त अहवालाने हीच पद्धत मुंबई इलाख्याची जमाबंदी म्हणून पक्की केली. सिद्धान्ताच्या दृष्टीने ती अडाणी होती, कारण अमुकच दर का, याचे उत्तर तिच्याजवळ नव्हते. पण स्मिथच्या चार कसोट्यांपैकी निश्चितपणाच्या कसोटीला ती प्रिंगलच्या पद्धतीपेक्षा कितीतरी अधिक उतरली, कारण पुढच्या तीस वर्षांत आपल्याला काय भरायचे आहे हे कुळाला माहीत होते.

५. शिलकेचा अर्थ

ज्यांच्यावर कर बसत होता त्यांच्यातलीच माणसे हा विषय शिकू आणि शिकवू लागल्यावर त्याचा रोख आणखी बदलला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात इतिहास आणि अर्थशास्त्र शिकवणारे गोपाळ कृष्ण गोखले २६ मार्च १९०२ रोजी केंद्रीय कायदे मंडळात अंदाजपत्रकावर बोलले, तेव्हा सरकार ज्या शिलकेचे कौतुक करत होते तिच्याकडेच त्यांनी बोट दाखवले. शिल्लक म्हणजे जमेतून खर्च वजा जाता उरलेली रक्कम. घरात शिल्लक पडणे चांगलेच, पण सरकारची शिल्लक प्रजेकडून गरजेपेक्षा जास्त घेतल्यानेही पडते. देश दुष्काळाने पोळत असताना पडलेली शिल्लक ही भरभराटीची खूण नसून मिठावरचा कर कमी करण्याचे कारण आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९०३ साली हा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आणि १९०७पर्यंत एक रुपयावर आला. तो केवळ एका भाषणाने उतरला असे नव्हे. तरी अंदाजपत्रक वाचण्याची जी शिस्त त्या भाषणाने घालून दिली, ती पुढच्या पिढीच्या अभ्यासक्रमाचाच भाग झाली.

६. ऐपतीचा कर

जुलै १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, तेव्हा अमेरिकेत कराचा प्रश्न ऐन भरात होता. केंद्र सरकारला प्राप्तिकर घेऊ देणारी सोळावी घटनादुरुस्ती त्याच वर्षी फेब्रुवारीत मंजूर झाली होती आणि कायदा ऑक्टोबरमध्ये झाला. या कराच्या समर्थनार्थ सर्वांत पद्धतशीर लेखन करणारे एडविन सेलिग्मन हेच आंबेडकरांचे प्राध्यापक. करभार कसा सरकतो यावर त्यांचे १८९२ सालचे पुस्तक होते, वाढत्या दराच्या करावर १८९४ सालचे, आणि प्राप्तिकरावर १९११ सालचे.

ऐपतीप्रमाणे कर हे स्मिथचेच तत्त्व. परंतु ऐपत मोजायची कशी, याचे उत्तर त्याच्या काळी तयार नव्हते. नव्या अमेरिकन कायद्याने ते दिले: एकट्या माणसाचे वर्षाचे पहिले ३,००० डॉलर कराच्या बाहेर, त्यापुढे एक टक्का, आणि मोठ्या उत्पन्नांवर जादा कर चढत जाऊन अगदी वरच्या पायरीला एकूण सात टक्के. अडीच हजार मिळवणारा काहीच भरत नाही, चार हजार मिळवणारा वरच्या एक हजारावर दहा डॉलर भरतो, आणि ज्याला त्या वर्षी काही मिळालेच नाही त्याच्या दाराशी कोणी येत नाही.

आंबेडकरांनी हे सारे भारतीय महसुलाला लावून पाहिले. १९१५ साली एम.ए.साठी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि वित्तव्यवस्थेवर प्रबंध लिहिला. डॉक्टरेटचा प्रबंध ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्ताच्या विकासावरचा, तो १९२५ साली सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह छापला गेला. १८३३ पासून सगळा महसूल मध्यवर्ती सरकारच्या हाती गेला होता आणि खर्च मात्र प्रांत करत होते. ही स्थिती एकत्र कुटुंबातल्या सामाईक तिजोरीसारखी होती. कमावणाऱ्याला खर्चाचा ताबा नाही, खर्च करणाऱ्याला कमाईची काळजी नाही, आणि जो भाऊ मोठ्याने भांडेल त्याला जास्त मिळते. १८७१ पासून ही तिजोरी कशी वाटली गेली, याच्या तीन अवस्था आंबेडकरांनी दाखवल्या: आधी प्रांताला ठरावीक रक्कम नेमून देणे, मग काही बाबींचा महसूलच नेमून देणे, आणि १८८२ पासून महसुलात वाटेकरी करून घेणे. पण वाटणी कशीही केली तरी कर बसवणारे सरकार लोकांना जबाबदार नसेल तोवर भार कोणावर पडतो हा प्रश्न विचारायला कोणी बांधलेलेच नसते, हा त्या पुस्तकाचा खरा गाभा आहे.

पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांचे मार्गदर्शक झाले एडविन कॅनन, ग्लासगोच्या त्या वहीचे संपादक. म्हणजे स्मिथच्या वर्गातली टिपणे जगापुढे आणणाऱ्या माणसाकडेच आंबेडकर शिकले. रुपयावरील त्यांच्या प्रबंधाला कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि तीत आपले मतभेदही मोकळेपणाने नोंदवले.

१९२७ साली मुंबई कायदे मंडळात अंदाजपत्रकावर बोलताना आंबेडकरांनी प्राप्तिकर आणि शेतसारा एकमेकांशेजारी मांडले. प्राप्तिकर ऐपतीवर बसतो आणि ज्याचे उत्पन्न नाही त्याला तो द्यावा लागत नाही. शेतसारा मात्र पीक येवो वा बुडो, जमिनीवर बसतो, आणि एक एकराच्या धन्याला व मोठ्या जहागीरदाराला दर एकच. विंगेट-गोल्डस्मिडच्या जमाबंदीत मातीची प्रत आण्यांपर्यंत मोजलेली होती. ती कसणाऱ्याचे एकूण उत्पन्न किती, हा रकाना तीत नव्हता.